कार्डावरची एकच रेघ

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी पडाव भागातल्या लॅबमध्ये तिचं रक्त तपासलं, आणि हेपटायटिस सीच्या कार्डावर एकच रेघ उमटायची तिथे दोन उमटल्या. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. हे कार्ड विषाणू शोधत नाही. त्याच्याशी लढायला शरीराने केलेली प्रतिपिंडं शोधतं. ती जुन्या, बऱ्या झालेल्या आजाराचीही असू शकतात, किंवा कार्डच चुकलेलं असू शकतं. खरं काय ते विषाणूची तपासणी सांगेल. पण शिंदे की छावनीतल्या आमच्या घरात ‘पॉझिटिव’ हा शब्द आधी पोचला, आणि पुढचं ऐकायला कुणाला सवड नव्हती.

घरात बाबा डायलिसिसवर. त्यांना काही होता कामा नये, हीच सगळ्यांची धास्ती, माझीसुद्धा. डायलिसिसच्या ठिकाणी अधूनमधून होणारं त्यांचं हेच कार्ड दर वेळी एका रेघेचं, म्हणजे निगेटिव. त्यांची विधवा बहीण, माझी आत्या, आमच्याकडेच असते आणि तिचं सोवळं अजून कडक आहे. तिने त्याच संध्याकाळी आईची ताटवाटी वेगळी केली.

“वहिनी, रिपोर्ट साफ येईपर्यंत तुम्ही दादाच्या खोलीत नका जाऊ. त्याचं सगळं मी बघीन.”

“अगं, एका ताटात जेवून लागत नाही हा आजार,” मी ओरडले. “रक्तातून लागतो, रक्तातून!”

“तू चूप बस.”

आईने ते वेगळं काढलेलं ताट उचलून घेतलं. मला दोघींचाही संताप आला.

डायलिसिसहून आल्यावर बाबांच्या हातावरच्या सुयांच्या जागा कधीकधी झिरपायच्या. नर्सने बजावल्याप्रमाणे आई हातमोजे घालून तिथे कापूस दाबून धरायची. आत्याला सोवळ्यात रबर चालत नाही. ती अंघोळ करून यायची आणि उघड्या हाताने कापूस दाबायची, विळीने चिरलेल्या बोटांनी. मी मोजे पुढे केले तर म्हणाली, “दादाचं रक्त मला परकं आहे काय?” बाबा डोळे मिटून पडलेले असायचे. त्या खोलीत मला बसवत नसे. काहीतरी उलटं चाललंय, एवढंच जाणवायचं.

विषाणूच्या तपासणीसाठी गेलो तेव्हा लिव्हरच्या डॉक्टरांनी बाबांचंही रक्त मागितलं. मला वाटलं, उगाच.

रिपोर्ट घ्यायला आत्यासकट सगळे पुन्हा गेलो. आईच्या रक्तात विषाणू नव्हता. बाबांच्या होता.

“पण सर, इनका कार्ड तो हमेशा निगेटिव आता है,” मी म्हटलं.

“डायलिसिस के मरीज़ में कई बार शरीर एंटीबॉडी बना ही नहीं पाता. फिर कार्ड को दिखेगा क्या?” गोळ्यांनी हा आजार बहुतेक बरा होतो, असंही ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “घर में इनका खून किसके हाथ को लगा है?”

आत्या तिथेच उभी होती. तिचं कार्ड केलं. एकच रेघ आली. तिने हात जोडून देवाचं नाव घेतलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. आजच्या रेघेवर विसंबू नका, पुन्हा यावं लागेल.

परतताना रिक्षात आत्याने बोटं पदरात गुंडाळून घेतली होती. आईकडे न बघता ती म्हणाली, “वहिनी, पुढच्या वेळी तुम्ही याल न माझ्याबरोबर?”

“येईन,” आई म्हणाली. पण आत्याचा हात धरायला ती पुढे झाली नाही. मीही नाही.