सुलाबाईंना वाचून दाखवलेलं प्रकरण

आमच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. पाणी गाळून पितो. अशा घरातल्या माणसानं चौतीस वर्षं युद्ध शिकवलं.

सासूबाईंना ते कधीच पटलं नाही. "पायाखाली मुंगी आली तर आपण णमोकार म्हणतो, आणि ह्यो बसलाय माणसं कशी मारली त्येची पुस्तकं वाचत," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

"आई, मारायला शिकवत नाही. का मारतात ते बघतोय."

"झालं का बघून?"

"नाही अजून."

"मग आधी जेव. दिवस बुडाया लागलाय."

माझे मिस्टर जयपाल चौगुले. आष्ट्याजवळच्या खेड्यातले, हळद लावणाऱ्या घरातले. सांगलीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. सगळे त्यांना सर म्हणायचे, म्हणून मीही सर म्हणायला लागले. मी स्वतः बारावीपर्यंत शिकले, तेही मराठी शाळेत. राष्ट्रवाद, विचारसरणी हे शब्द मी आधी हातानं लिहिले आणि त्यांचे अर्थ नंतर विचारले. कारण सर गावोगाव हिंडून माणसांना बोलतं करायचे आणि ते रेकॉर्डिंग ऐकून वहीत उतरवायचं काम माझं होतं. अशा एकोणचाळीस वह्या झाल्या.

त्यांचा प्रश्न एकच होता. ज्या गावात प्यायला टँकर येतो, त्या गावातला मुलगा कुठल्यातरी लांबच्या वाळूसाठी मरायला कसा तयार होतो? आणि तो मेल्यावर गाव त्याची गोष्ट कशी रचतं? साताऱ्याकडच्या माण भागात अशी गावं पुष्कळ. घरटी एक माणूस फौजेत. सर एस.टी.नं जायचे, देवळात मुक्काम करायचे, सोबत मी दिलेले दशम्यांचे डबे. कॉलेजात लोक चेष्टा करायचे. इतरांचे दोन-दोन ग्रंथ निघाले, मानाच्या कमिट्या मिळाल्या. सरांचं एकच पुस्तक वीस वर्षं चाललेलं.

उशीर होण्याचं कारण त्यांची पद्धत. जो बोलला, त्याच्याकडे परत जायचं आणि आपण लिहिलेलं त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं. तो हो म्हणाला तरच छापायचं. काढा म्हणाला तर त्याच्यादेखत लाल पेनानं खोडायचं. लालासाहेब म्हणून एक रिटायर सुभेदार होते. बर्फात ड्युटीवर असताना बायकोची आठवण येऊन रडलो, असं ते भरात बोलून गेले होते. वाचून दाखवल्यावर उठूनच उभे राहिले.

"बायकूचं काढा, सर."

"मग रडलात कशासाठी, ते काय लिहू?"

"च्यासाठी रडलो म्हनून लिवा. त्येला कोन हसत न्हाई."

सरांनी बायको खोडून चहा लिहिला.

लालासाहेबांच्याच गावात सुलाबाई राहतात. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, नवरा गेलेला, आता चार शेळ्या आहेत. एकुलता एक मुलगा सूरज फौजेत होता. दोन हजार दोन साली सीमेवर त्याला मरण आलं, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. गावानं चावडीपुढं त्याचा दगड बसवला. त्यावर नाव, तारीख आणि 'शत्रूशी लढता लढता धारातीर्थी पडले' अशी ओळ. सुलाबाई रोज सकाळी शेळ्या सोडायच्या आधी त्या दगडावर तांब्याभर पाणी घालायच्या आणि भंडारा लावायच्या. सरांना त्यांनी सांगितलेलं बाविसाव्या वहीत आहे. "लय म्होरं गेला हुता म्हनं. मागं फिर म्हनलं तरी फिरला न्हाई. छातीवर गोळ्या घेतल्या माज्या पोरानं."

चौतिसाव्या वहीत सयाजीचं बोलणं आहे. सयाजी उंब्रजचा, सूरजच्या तुकडीतला. आता मिरजेत एका दवाखान्याच्या दारावर वॉचमन आहे. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत, एका कानानं ऐकू येत नाही. तो म्हणाला होता:

"लढाई झालीच न्हाई, सर. दहा म्हैनं नुसतं समोरासमोर बसलो. आल्या आल्या वाळूत माइना पेरल्या, सुरुंग वो, समोरचा चालून आला तर म्हनून. त्यो आलाच न्हाई. मग वरनं हुकूम, काढा. आमीच पेरल्याल्या, आमीच काढत हुतो. वाळू सरकल्याली. नकाशात एक जागा अन् खाली दुसरीच. सूरज माज्यापास्नं पंधरा पावलांवर गुडघ्यावर बसला हुता. म्हनला, सया, हितं कायतरी लागतंय रं. बास."

त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये चार मिनिटं सयाजी नाही. नुसता पेशंटच्या नंबरांचा पुकारा आहे.

लिहून झाल्यावर मी बाविसावी वही काढली आणि दोन्ही वह्या सरांपुढं ठेवल्या. दोन्हींतलं जुळत नाही, हे त्यांना ठाऊकच होतं. पुढं वर्षभर खपून त्यांनी त्यावर प्रकरण लिहिलं. न झालेल्या लढाईतला मृत्यू गावात पोचेपर्यंत लढाईतला कसा होतो, हे त्यात होतं. पुण्याच्या प्रकाशकांनी वाचून फोन केला, "सर, हे प्रकरण नसेल तर पुस्तकात काय उरतं?" नाव बदलून भागण्यासारखं नव्हतं. त्या साली त्या गावात एकच दगड बसला होता.

सयाजीनं ऐकून मान डोलावली. "छापा. माजं नाव घाला." मला वाटलं, झालं काम. पण सर म्हणाले, आता सुलाबाईंकडे जायचं.

"कशाला? ज्यानं सांगितलं तो हो म्हणाला की."

"गोष्ट सूरजची आहे, सयाजीची नाही. सूरजच्या वतीनं हो कोण म्हणणार?"

"मग छापूच नका."

"म्हणजे तिला न विचारता तिच्या वतीनं ठरवायचं? म्हातारी अडाणी आहे, तिला सोसणार नाही, असं? सगळी सरकारं हेच करतात, गुणा."

"सरकारचं मला माहीत नाही. तोंडातनं निघालेल्या शब्दानंही हिंसा होते, एवढं माहीत आहे."

"आणि खोट्यानं?"

आमच्या धर्मात अहिंसा आणि सत्य ही दोन्ही व्रतं एका दमात सांगितलेली आहेत. दोन्हींतलं एक निवडायची वेळ आली तर काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याबरोबर गेले.

लालासाहेब स्टँडवरच भेटले. सरांच्या हातातली फाइल बघून त्यांनी काय आहे ते विचारलं, आणि कळल्यावर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"सर, तार मीच वाचली हुती. इंग्रजीत हुती. माइन म्हनून लिवल्यालं. म्हातारा-म्हातारी माज्या तोंडाकडं बघत हुती. लढाई न्हाई, समोर कोन न्हाई, अन् पोरगं मातूर गेलं, असं कुठल्या तोंडानं सांगू? ती वळ बी मीच दगडावर घातली. एवढी वर्सं झाली. ऱ्हाऊ द्या की आता."

"त्या काढा म्हणाल्या तर मी काढीन, लालासाहेब. कबूल."

"आवं, पन काढा म्हनाया तिनं आदी ऐकाय तर पायजे का न्हाई?"

सर थांबले. मला वाटलं, आता माघारी फिरतील. पण वीस वर्षं त्यांनी एकाही माणसाला वगळलं नव्हतं, आणि जी सवय प्रत्येक ठिकाणी खरी ठरली ती इथं चुकेल हे त्यांना दिसलं नाही. ते चालायला लागले.

सुलाबाई ओट्यावर सुपात मटकी निवडत होत्या. आम्हाला बघून हसल्या. "सर, लय वाळलासा. बाई जेवाय घालत न्हाईत व्हय?"

"पुस्तकंच खातात ते," मी म्हटलं.

"मग कुठलं अंग धरायचं!"

सरांनी वाचायला सुरुवात केली. आधी सुलाबाईंचंच बोलणं होतं. त्या मान हलवत होत्या, "व्हय, असंच म्हनले मी." मग सयाजीचं आलं. सर एकही शब्द न गाळता वाचत गेले, आवाज मात्र बारीक होत गेला. सुपातला हात थांबला. वाचून संपल्यावर एक शेळी येऊन मटकीला तोंड लावायला लागली, तरी सुलाबाईंनी तिला हाकललं नाही. मीच उठून हाकललं.

"म्हंजी समोर कोन न्हवतंच?"

"नव्हतं."

"अन् त्या माइना कुनाच्या?"

"आपल्याच."

"पेरल्या कुनी?"

"त्यांच्याच तुकडीनं."

"सूरजनं बी?"

हे प्रकरणात नव्हतं. वहीत होतं. सयाजीनं सांगितलेलं, मी लिहिलेलं. मी मनात म्हणत होते, माहीत नाही म्हणा. सर म्हणाले, "हो. त्यानंही."

त्यांनी सूप बाजूला सारलं. म्हणाल्या, "काढा."

सरांनी लाल पेन काढलं. चौदा पानं होती. एकेक ओळ खोडत गेले. सुलाबाई शेजारी बसून बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण कुठली ओळ राहिली ते बोटानं दाखवत होत्या.

"झालं?"

"झालं, सुलाबाई."

"तुमच्या कागदावरचं झालं. माज्यातलं कसं काढू, तेवडं सांगा."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "निगा. गाडी चुकंल तुमची."

त्या प्रकरणावाचून पुस्तक काढायला प्रकाशक तयार झाले नाहीत. सरांनीही दुसरं काही लिहिलं नाही. वर्षभरात रिटायर झाले. निरोपाच्या भाषणात कुणीतरी म्हणालं, चौगुले सरांनी ग्रंथ लिहिला नाही पण माणसं जोडली. सर खुर्चीत खाली बघत बसले होते.

लालासाहेबांचे फोन यायचे. सुलाबाई आता चावडीकडे जात नाहीत. कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणतात. पंधरा ऑगस्टला दगडाला हार घालायला माणूस बोलवायला गेला, तर त्यांनी आतून कडी लावून घेतली. एकदा लालासाहेब म्हणाले, "सर, रागावू नका, पन गावात येऊ नगा. पोरं तुमच्यावर खवळल्याती." सर बरं म्हणाले.

मग एक दिवस सुलाबाईंचाच फोन आला. शेजारणीकडून लावून घेतलेला. ख्यालीखुशाली काही नाही. "सर, त्या दिवशी वार कुठला हुता?" सरांनी सयाजीला विचारून सांगितलं, मंगळवार. आठ दिवसांनी परत फोन. ऊन होतं का? परत, त्याच्या पायात काय होतं? तो ओरडला का? सर प्रत्येक वेळी सयाजीला विचारायचे, लिहून घ्यायचे आणि लिहिलेलं तसंच्या तसं सुलाबाईंना वाचून दाखवायचे. त्यांना दुसरं काम उरलं नव्हतं. अखेर सयाजी म्हणाला, "सर, पाया पडतो, मला इचारू नका आता. समदं फिरून डोळ्याम्होरं येतंय." नंतर त्यानं फोन उचलणं सोडलं.

गेल्या महिन्यात दुपारी फोन आला. सरांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावलेला असतो. मी शेजारी बसून डाळ निवडत होते.

"सर, त्या सकाळी त्यो खाऊन गेला हुता का?"

एकोणचाळीस वह्या माझ्या हातच्या आहेत. त्यांत हे कुठंही नाही. सरांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी सवयीनं टेबलावरचा कागद ओढला, कोराच होता. पलीकडून सुलाबाईंचा श्वास ऐकू येत होता.

"हो," सर म्हणाले. "खाऊन गेला होता."

"काय खाल्लं?"

"चपाती."

"कशाबरबर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. खोटं बोलायचं नाही, हे त्यांच्याहून जास्त मी पाळत आलेय.

"गूळ," मी हळू म्हटलं.

"गूळ होता," सर फोनमध्ये म्हणाले.

"बरं." मग, "दोन तरी खाल्ल्या असत्याल न्हवं?"

"दोन खाल्ल्या," सर म्हणाले.