सबनीसकाकांच्या गाडीचं चार्जिंग

"अक्का, नवा अल्टरनेटर आणलाय. फक्त बसवून द्या," म्हणत निखिलने खोकं माझ्या टेबलावर ठेवलं.

"जुना तपासला कोणी?"

"तपासायचं काय त्यात? बॅटरी नवीन टाकली तरी गाडी बंद पडते. मग राहिलं काय? अल्टरनेटरच ना!"

मारतहळ्ळीत माझं ऑटो इलेक्ट्रिकलचं वर्कशॉप आहे. आमचं घराणं बेंगळुरूत मुरलेलं, त्यामुळे गिऱ्हाईक मराठी असो की कन्नड, मी सगळ्यांची अक्का. पण दुसऱ्याचं निदान न तपासता मान्य करणं मला जमत नाही. बापजन्मात जमलं नाही.

अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरणारा छोटा जनरेटर. गाडी चालू असताना वीज तोच पुरवतो आणि बॅटरीही भरत राहतो. तो कमी पडला की गाडी बॅटरीतली शिल्लक खाते, आणि शिल्लक संपली की भर रस्त्यात थांबते.

ही गाडी तशीच थांबली होती, रिंग रोडच्या फ्लायओव्हरवर, मागे ट्रक असताना. आत निखिलचे वडील एकटे होते. सबनीसकाका, सरकारी कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. काकू गेल्यापासून आनेकलला मित्राकडे जाणं, भाजी आणणं, सगळं या जुन्या हॅचबॅकवर चालायचं. निखिल महादेवपुऱ्यात आयटीत आहे. त्या दिवशी तो मीटिंग सोडून धावत गेला होता.

"बाबांशी डील झालंय," तो म्हणाला. "नेक्स्ट टाइम बंद पडली, की चावी माझ्याकडे. गाडी विकायची."

काका गाडीजवळच उभे होते. बॉनेटवरची धूळ हाताने पुसत राहिले. मला वाईट वाटलं. चावी गेली की माणूस मुलाच्या सवडीवर जगायला लागतो, हे त्यांना कळत होतं.

गाडी चालू करून मीटर बॅटरीला लावला. साडेतेरा व्होल्ट. चौदाच्या आसपास हवं, पण ठीक. मग हेडलाइट, एसी, वायपर, सगळं चालू केलं. आकडा घसरत साडेबारावर आला. म्हणजे बॅटरी भरत नव्हती, उलट रिकामी होत होती.

"बघा! अल्टरनेटर!" निखिल म्हणाला.

"स्वल्प थांब."

मीटरच्या पिना मी थेट अल्टरनेटरला लावल्या, एक त्याच्या आउटपुटला, दुसरी त्याच्याच बॉडीला. लोड तसाच चालू. चौदा पॉइंट तीन! ठणठणीत. तयार होणारी वीज बरोबर आणि बॅटरीपर्यंत पोचणारी कमी. अशा वेळी मला जेवणही सुचत नाही. मधल्या मध्ये जवळजवळ दोन व्होल्ट खातंय कोण?

अल्टरनेटरपासून बॅटरीकडे जाणारी जाड वायर तपासली. तिच्यात काही हरवत नव्हतं. पण विजेला जायला वायर असते, तसा परतायलाही रस्ता लागतो. तो रस्ता म्हणजे इंजिनचं आणि बॉडीचं लोखंड. त्याला आम्ही अर्थिंग म्हणतो. इंजिनच्या ब्लॉकपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं, जवळजवळ शून्य. छान. अल्टरनेटरच्या बॉडीपासून त्याच ब्लॉकपर्यंत मोजलं, तर हरवलेले व्होल्ट तिथे बसलेले!

वीतभर अंतर. मध्ये फक्त अल्टरनेटर धरून ठेवणारा ब्रॅकेट. टॉर्च मारला. इतक्या जुन्या गाडीत तो चांदीच्या वाटीसारखा चमकत होता.

"काका, हा ब्रॅकेट नवीन घातलाय?"

काकांचा चेहरा एकदम खुलला. "नवीन कसला! आयुधपूजेला मी रंगवला. अल्टरनेटर उतरवला, ब्रॅकेट घासला, आतून-बाहेरून दोन हात दिले. बोल्टसुद्धा सोडले नाहीत."

खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. इथे त्या दिवशी लेथपासून रिक्षापर्यंत प्रत्येक यंत्र धुतात, सजवतात, कित्येक जण रंगवतातही.

"कारखान्यात माझ्या सेक्शनची मशिनं दरवर्षी मी उभं राहून रंगवून घ्यायचो," काका म्हणाले. "आता माझ्याकडे ही एवढीच..." आणि ते मध्येच थांबले. फोरमनच ते. माझ्याआधी त्यांनाच उमगलं.

"अर्थिंग," ते हळूच म्हणाले. "रंगातून करंट जात नाही."

"बोल्टच्या आट्यांमधून थोडा जात होता. म्हणून कमी लोडवर गाडी चालायची. एसी, लाइट लागले की कमी पडायचं."

"पण मग डॅशबोर्डवर बॅटरीचा रेड लाइट का नाही आला?" निखिलने विचारलं. पहिल्यांदाच त्याने प्रश्न विचारला होता.

"अल्टरनेटर व्होल्टेज स्वतःच्या बॉडीपासून मोजतो. त्याच्या लेखी सगळं आलबेल होतं."

ब्रॅकेट उतरवला. जिथे लोखंडाला लोखंड टेकतं तेवढाच रंग पॉलिश पेपरने घासून काढला, बोल्ट साफ केले, परत आवळले. सगळा लोड लावून बॅटरीवर मीटर ठेवला. चौदा पॉइंट एक. एसी फुल केला, हॉर्नही वाजवला. आकडा हलला नाही.

मला टाळी वाजवावीशी वाटली. पण काकांनी गाडी बंद केली आणि चावी काढून निखिलपुढे धरली.

"घे. गाडी मीच बिघडवली. तू म्हणत होतास ते खरंय, आता माझ्याकडून होत नाही."

निखिल चावीकडे बघत राहिला. मग त्याने काकांची मूठ मिटवली.

"बाबा, इंजिनमधला अल्टरनेटर तुम्ही एकट्याने उतरवलात? या वयात?"

"मग काय झालं? चारच तर बोल्ट."

"मला बॉनेट कसं उघडायचं ते माहीत नाहीये," तो म्हणाला. "संडेला दाखवा." न उघडलेलं खोकं त्याने परत काखेत मारलं आणि गाडीत डावीकडे जाऊन बसला.

काकांनी गाडी रिव्हर्स घेतली, एका दमात, आरशाला कुठे न घासता.

तेव्हापासून चार्जिंगची तक्रार आली की मी परतीचा रस्ता आधी मोजते. आणि गिऱ्हाइकाला पूर्वी विचारायचे, गाडीची आबाळ कोणी केली? आता विचारते, अलीकडे लाड कोणी केले?