हळदीवरून गेलेली सावली

उकडलेली हळद उन्हात पसरलेली असताना तिच्यावरून घारीची सावली जाताना पाहिली आहे तुम्ही? त्या पिवळ्याधमक पसाऱ्यावरून सावली निःशब्द सरकत जाते, आणि वर पाहावं तर घार पंखही हलवत नसते! कुरुंद्याजवळच्या आमच्या शेतात हे दृश्य मी लहानपणापासून पाहत आलो, आणि दर वेळी छातीत काहीतरी उचंबळून आलं. पन्नाशी उलटल्यावर वसमतच्या घरी बसून मी रिमोटचं विमान घ्यायचं ठरवलं, त्याचं मूळ त्या सावलीतच असावं.

पण कोणतं घ्यावं? मोबाइलच्या पडद्यावर लढाऊ विमानांच्या देखण्या प्रतिकृती खुणावत होत्या. निमुळते पंख, वाऱ्याशी पैज लावणारा वेग. मन त्यांच्यावरच जडलं. मात्र माझा स्वभाव मला ठाऊक आहे. पेटी शिकायला घेतली, ती पहिल्या बेसुरानंतर कपाटावर गेली. पोहायला गेलो, नाकात पाणी शिरलं आणि पुन्हा विहिरीकडे फिरकलो नाही. आरंभशूर म्हणून घरात माझी ख्याती आहे. हे विमान पहिल्याच दिवशी मोडलं, तर आकाशाची ओढही अशीच विझून जाईल, याची मला खरीखुरी भीती वाटत होती. म्हणून अखेर निवडलं ते एक साधंभोळं, फोमचं, संथ विमान. त्याचे रुंद पंख पाठीवर असतात, आणि आपण चुकलो तर रिमोटच्या दांड्यांवरून बोटं उचलावीत, ते आपला तोल आपणच सावरतं म्हणे. रूपापेक्षा क्षमा मोठी, हे नवशिक्याला किती उशिरा उमगतं!

शेतात पोचलो तर थोरल्या वहिनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन हजर. आमच्याकडे ट्रॅक्टर असो की पाण्याची मोटार, नवी वस्तू पूजेवाचून चालू होत नाही. त्यांनी नारळ फोडला आणि ट्रॅक्टरला बांधतात तसं लिंबू-मिरची विमानाच्या शेपटाला बांधलं. मला नको म्हणवेना. विमान हातातून सोडलं. त्यानं नाक वर उचललं, क्षणभर अधांतरी थबकलं आणि धपकन वाळत्या हळदीत येऊन पडलं. संपलं सगळं, असंच वाटलं.

"शेपूट जड होऊन राहिलं वाटतं त्याला," वहिनी हसत म्हणाल्या. "सोडा ते लिंबू, तुमालाच बांधते. नजर तुमालाच लागती, भाऊजी. काईच टिकू देत न्हाई."

आणि खरोखरच त्यांनी ते माझ्या मनगटाला बांधलं! मी विमान उचलून त्याचे पंख झटकून पाहिले. कुठेही तडा नव्हता.

दुसऱ्यांदा सोडलं आणि ते चढत गेलं. एकदा भलतंच कललं, तेव्हा जीव मुठीत धरून मी बोटं उचलली. आणि काय सांगू! त्या चिमुकल्या देहानं हळुवारपणे आपला तोल सावरला, जणू कुणी अदृश्य तळहातावर झेललं. हवेत काहीच दिसत नाही, तरी ती एवढा भार पेलते, हे पुस्तकात वाचलेलं निराळं आणि डोक्यावर पाहिलेलं निराळं. वहिनी पदर सावरत वर पाहत राहिल्या. माझे डोळे भरून आले, ते उन्हानं नव्हे.

खाली हळदीवरून एक सावली सरकत गेली. ती घारीची नव्हती.

"उद्या बी येता ना?" वहिनींनी विचारलं. दुसऱ्या दिवशी कशाकडेही न फिरकणारा मी, मनगटावरच्या लिंबाकडे पाहत म्हणालो, "व्हय, येतो."