पाठ झालेलं मानपत्र

वसमतच्या हॉलमध्ये मी मानपत्र वाचलं तेव्हा माईकची गरज नव्हती, असं आमच्या गावात अजून सांगतात. मी गुमान ऐकून घेतो. सांगणाऱ्याला अडवलं तर पुढचं सगळं सांगावं लागेल, म्हणून इतकी वर्षं अडवलं नाही. आता लिहून ठेवतो. लिहिता येतं तर लिहावं.

तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता. साक्षरतेचे वर्ग निघाले ते दिवस. आमच्या गावात तो वर्ग भावकीतल्या पुतण्याची पोरगी घेई. बारावी झालेली, बारीक अंगाची, आवाज मात्र खणखणीत. मला आबा म्हणायची. शाळेच्या ओसरीत दिवेलागणीला आम्ही बावीस म्हातारे-म्हाताऱ्या पाट्या घेऊन बसायचो.

मी लहानपणी चार महिने शाळेत गेलो होतो, तेही निजामाच्या राज्यात, उर्दू शाळेत. मास्तरानं एकदा सगळ्यांसमोर कान धरून उभं केलं, तसा दप्तर तिथंच टाकून माळावर मेंढरांत निघून गेलो. बाप न्यायला आला, तरी परत गेलो नाही. त्यानंतर पन्नास वर्षं मेंढरं राखली. दीडशे मेंढरं होती माझी, पण मी कधी मोजली नाहीत. संध्याकाळी वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, तोंडाशी उभा राहायचो. एखादं मागं राहिलं असेल तर कोणतं ते बराबर सांगायचो. प्रत्येकाचं तोंड वेगळं असतं.

वर्गाच्या दुसऱ्याच दिवशी माझी भावजय माझ्या आधी वाचायला लागली. मी एक अक्षर चुकलो, तर तोंडाला पदर लावून म्हणाली, "भाऊजीला मेंढरं वळता येतात, अक्षरं न्हाई वळत." बायका हसल्या. पोरगीबी हसली, पण लगेच गप झाली.

त्या दिवसापासून मी दुसरी वाट धरली. पोरगी प्रत्येक धडा दोनदा मोठ्यानं वाचून दाखवायची. दोनदा ऐकलं की मला तो येई. पानावरचं चित्र बघायचं, तेलाचा डाग कुठं आहे ते बघायचं, की पान ओळखू येई. जसं काळ्या कानाचं मेंढरू, तसं हापशाच्या चित्राचं पान. माझा वाचायचा नंबर आला की बोट ओळीवरून सरकवायचो आणि पाठ केलेलं म्हणायचो. बोट किती हळू सरकवायचं तेही मी शिकलो. भावजयीपेक्षा जरा जोरात, पण फार नाही.

परीक्षेला तालुक्याचा साहेब आला. त्यानं पुस्तक मधूनच उघडून माझ्यापुढं धरलं. हापशाचं पान होतं. मी न अडखळता वाचलं. हिशेब तोंडी केले. सही तर मी चित्रासारखी काढायचोच.

"बाबा, तुम्ही तर मास्तर झालात की," साहेब म्हणाला.

पोरगीचे डोळे भरले. मी मिशीवरून हात फिरवला. खोटं कसं लिहू, मला तेव्हा लाज वाटली नाही, बरंच वाटलं.

अडकलो ते पुढं.

वसमतला डॉक्टर, वकील, हळदीचे व्यापारी यांनी मिळून चालवलेला एक सेवा क्लब होता. डोळ्यांची शिबिरं घ्यायचे, झाडं लावायचे. त्यांनी ठरवलं की तालुक्यातल्या सेवा करणाऱ्या तीन तरुणांचा सत्कार करायचा. एक रक्तदान करणारा पोरगा, एक पूर आला तेव्हा लोकांना काढणारा, आणि आमच्या गावची ही पोरगी. अख्खे बावीस म्हातारे साक्षर केले म्हणून.

पोरगीला डी.एड.ला नांदेडला जायचं होतं. बाप तयार नव्हता. कळमनुरीकडचं स्थळ आलेलं, त्यानं अर्धा होकार भरून ठेवलेला. आई रडली, पोरगी दोन दिवस जेवली नाही, तेव्हा तो माझ्या ओसरीवर येऊन म्हणाला, "काका, तालुक्याच्या लोकांनी बोलावून शाल घातली तर मानीन. मग धाडतो. न्हाई तर उन्हाळ्यात लगीन."

"शब्द हाय?" मी विचारलं.

"तुमच्यासमोर बोललो न्हाई का!"

आठच दिवसांनी क्लबाचे दोघं जण स्कूटरवर आले. मानपत्राचा कागद दाखवायला आणलेला, नाव-गाव बराबर आहे का ते बघायला. त्यातला जाड चष्म्याचा म्हणाला, "आमच्या अध्यक्षांची एक कल्पना आहे. मुलीचं मानपत्र तिच्याच विद्यार्थ्यानं वाचायचं. सगळ्यात वयस्कर कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. भावजयच आधी बोलली, "हेच. साहेबानं मास्तर म्हणलंय यांना."

नाही म्हणावं तर काय सांगून म्हणावं? डोळे दुखतात म्हणावं, तर ते डॉक्टरचे लोक, तिथंच डोळे तपासले असते. खरं सांगावं, तर बाविसातला एक कमी, मग साहेबाची परीक्षा खोटी, मग बाकीच्या एकवीस जणांवर कोण विश्वास ठेवील? पोरगीची शाल जाईल. शाल गेली की कळमनुरी.

"आबा वाचतील," पोरगी म्हणाली. इतक्या भरवशानं म्हणाली की मला तिचा रागच आला.

"वाचीन," मी म्हणलं. "पण आधी एकदा ऐकू तर दे, काय लिव्हलंय तुझ्याबद्दल."

तिनं लाजत लाजत वाचलं. "आणखी एकदा," मी म्हणलं. तिनं परत वाचलं. झालं. पुढचे आठ दिवस माळावर मेंढरांनी ते मानपत्र ऐकलं. 'ज्ञानाचा दीप घरोघरी नेणाऱ्या' इथं आलं की शिंगमोडी मेंढी मान वर करून बघायची.

सत्काराच्या दिवशी हॉल भरलेला. पुतण्या नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत. स्टेजवर टेबलावर तीन फ्रेमा ठेवलेल्या, तिन्हींना सोनेरी काठ, तिन्हींवर सारखीच वेलबुट्टी. माझ्या मनात आलं, एकाच आईची तीन कोकरं. पण तीन कोकरं मी आंधळा असतो तरी ओळखली असती.

निवेदन करणाऱ्या बाईंनी माझ्या हातात फ्रेम दिली. पोरगी माझ्या बाजूला उभी राहिली, खांद्यावर शाल, हातात नारळ. काचेत वरची ट्यूबलाईट दिसत होती. मी बोट ठेवलं आणि सुरू केलं.

दोन ओळी झाल्या असतील, पोरगीनं माझं कोपर धरलं. मला वाटलं, गहिवरली. मी आवाज वाढवला. तिनं कोपर आणखी दाबलं. नखं लागली. मी बोट सरकवत शेवटपर्यंत गेलो, एक शब्द चुकलो नाही. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. पुतण्या फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होता.

तेवढ्यात त्या बाई पुढं आल्या. फ्रेमकडं बघून त्यांचा चेहरा बदलला. "अगं बाई! ही तर रक्तदानवाल्याची फ्रेम. मग यांनी वाचलं काय?"

हे त्या हळूच बोलल्या, माईकपासून लांब. तरी मला ऐकू आलं. मी पोरगीकडं पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

पोरगी हसली. "ताई, मी घरी इतक्यांदा वाचून दाखवलंय की आबांना पाठच झालंय. खाली बघतच नाहीत ते."

बाईही हसल्या, त्यांनी फ्रेम बदलून दिली. पुढं फोटो निघाले. फोटोत मी ताठ उभा आहे. तो फोटो आमच्या घरी भिंतीवर आहे, मी त्याच्याकडं सहसा बघत नाही.

गावाकडं निघालो, तर एस.टी.त पुतण्या पुढं कंडक्टरपाशी बसलेला. "पोरगी जाईल नांदेडला, शिकंल, मास्तरीण व्हईल," असं कंडक्टरला सांगून राहिला होता. आम्ही दोघं मागच्या बाकावर. मी खिडकीकडं, ती वाटेकडच्या बाजूला. उठून जायचं म्हटलं तरी तिच्या गुडघ्यांवरून जावं लागलं असतं.

तिनं फ्रेम मांडीवर नीट ठेवली. मग हळूच म्हणाली, "आबा, परीक्षेतबी असंच?"

"व्हय."

"पहिल्या धड्यापासून?"

"व्हय म्हणलं न्हाई का."

"काहून सांगितलं न्हाई?"

मी खिडकीतून बाहेर उसाकडं बघत राहिलो.

"मंग मी शिकवलं काय?" ती म्हणाली. "आज बावीस म्हणून टाळ्या वाजल्या. एकवीसच हायेत. अन् आज मी त्या ताईंपुढं खोटं बोलले. तुमच्यापायी."

"मंग जा, सांग बापाला. म्होरंच बसलाय."

हे मी रागात बोललो, कारण माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. ती उठली नाही. बाप पुढं हसत होता. तिला उठता येत नव्हतं आणि मला तिला बस म्हणता येत नव्हतं. माझ्या खोट्यात आता ती पण बसली होती, मांडीवर फ्रेम घेऊन, बराबर माझ्या शेजारी.

हट्टा गावाच्या अलीकडं आमचा फाटा आला. उतरताना ती म्हणाली, "उद्या दुपारी मेंढरं कुठं न्हेणार?"

"वढ्याकडं."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन ओढ्यावर आली. मी म्हणलं, "कशाला आलीस ऊन डोक्यावर घेऊन?" तिनं बाभळीखाली बसकण मारली. पाटीवर एकच अक्षर काढलं आणि म्हणाली, "चित्र न्हाई, डाग न्हाई. याचं तोंड बघा." तेव्हा कुठं मला कळलं, मी आजवर अक्षरांच्या अख्ख्या कळपाला एकच तोंड समजत होतो. कळप ओळखत होतो, मेंढरू एकही नाही.

बाभळीखाली आमचं असं पंधरा दिवस चाललं. मी चिडायचो, पाटी फेकायचो. एकदा तर ती म्हणाली, "फेका. मीच उचलते. पण तुमी बसला न्हाई तर मी बापाला सांगणार अन् नांदेडला जाणार न्हाई." म्हणजे पुन्हा अडकवलं मला, या खेपेला तिनं. सोळाव्या दिवशी ती पत्र्याची पेटी घेऊन नांदेडला गेली. तेव्हा मला अक्षरं सगळी ओळखू येत होती, पण काना-मात्रा, जोडाक्षर आलं की पाय घसरायचा.

ती गेल्यावर महिन्याभरानं पुतण्या दुपारीच माझ्या ओसरीवर आला. हातात पाकीट. त्याला न त्याच्या बायकोला वाचता येत नव्हतं.

"काका, पोरीचं पत्र आलंय. तिची आई सकाळपासून वाट बघून राहिली. वाचा बरं."

"पोस्टमन गेला का? त्याला वाचायला लावायचं व्हतं."

"पोस्टमन कशाला? हॉल दणाणून सोडलाय तुमी. तुमच्या तोंडून ऐकायचं म्हणती ती."

मागं तिची आई उभी, पदर डोक्यावर, चेहरा माझ्याकडं लागलेला. भावजयही जात्यावरून उठून आली. माझ्या हातात पत्र आलं. हे कुणी मला दोनदा वाचून दाखवलेलं नव्हतं. यावर चित्र नव्हतं, डाग नव्हता. मी घोंगडीवर बसलो, पत्र उलगडलं.

वहीच्या दोन पानांवर एकेक अक्षर वेगळं काढलेलं होतं. दोन ओळी सोडून एक ओळ. अक्षरं तुरीच्या दाण्याएवढी. जोडाक्षर एकही नाही.

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. हळूहळू एकेक तोंड बघत गेलो. पहिल्या ओळीत बापाचं नाव नव्हतं, आईचंही नव्हतं. तिथं लिहिलं होतं, 'आबा, घाई नका करू.'

ती ओळ मी मोठ्यानं वाचली नाही.

"काहून इतका वेळ, काका?" पुतण्या म्हणाला.

"थांब की जरा," मी म्हणलं. "लई बारीक अक्षर हाय पोरीचं."

आणि दुसरी ओळ लावायला घेतली.