कुणाची गं तू?

“कुणाची गं तू? काय होतंय? पाळीचं हाय काय?”

केसपेपरच्या खिडकीतून आमच्या कारकून मामांनी विचारलं आणि अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. मंगळवार होता. गावच्या बाजाराचा दिवस, शिवाय गरोदर बायकांच्या तपासणीचाही. म्हणजे आसपासच्या गावांतल्या झाडून सगळ्या सासवा बाकड्यांवर. त्यांच्यासमोर कॉलेजची बॅग छातीशी धरून ती मुलगी उभी. तिचं नाव मी सांगणार नाही. स्नेहल म्हणू.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशक आहे. किशोरवयीन मुलामुलींच्या क्लिनिकमध्ये बसते. पाळी, अंगावरून जाणं, वयात येताना पडणारे प्रश्न, कधी नको ते गरोदरपण. घरी जे बोलता येत नाही ते इथं बोलायचं. ‘तुमचं बोलणं गुप्त राहील’ असं आमच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलंय. ते दार केसपेपरच्या खिडकीच्या बरोबर समोर आहे. ही जागा ज्यानं निवडली, त्याला एकदा तिथं उभं करून त्याच्या पोटाचं दुखणं मोठ्यानं विचारायला पाहिजे.

स्नेहल बारावीला होती. तिचा रक्तस्राव थांबतच नव्हता.

“मॅडम, जिना चढलो की डोळ्यांपुढं अंधारी येत्या. घरात कुणाला सांगून आलो न्हाय,” ती म्हणाली. आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात.

डॉक्टर मॅडमनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन फारच खाली होतं. रक्तस्राव थांबवायच्या आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. या वयात काही मुलींच्या हार्मोन्सची घडी बसलेली नसते, म्हणून असं होतं. उपचार सहसा साधा असतो, पण वेळेत व्हावा लागतो. पुढच्या मंगळवारी नक्की ये, आईला घेऊन आलीस तर उत्तम, असं तिला बजावलं.

ती आली नाही. तिच्या गावची आरोग्याचं काम बघणारी आशाताई आली, बातमी घेऊन.

स्नेहल क्लिनिकला आली त्याच संध्याकाळी मामांनी दूध डेअरीवर तिच्या चुलत्याला सांगितलं होतं, “तुमची पुतणी आल्ती की दवाखान्यात. त्या पोरींच्या खोलीत गेल्ती.” बस, एवढंच. बाकीचं गावानं केलं. दूध घालून माणसं घरी पोचेपर्यंत स्नेहल गरोदर झाली होती. बापानं गोळ्या गटारात टाकल्या, पाडायच्या गोळ्या समजून. कॉलेज बंद, मोबाईल काढून घेतला आणि स्थळं बघायला सुरुवात. पोरगी मात्र अंथरुणाला खिळत चालली होती.

माझं डोकंच फिरलं. मी मामांना गाठलं.

“मी काय वंगाळ केलं?” तेच चिडले. “आपल्या वळखीतली पोरगी. काळजीनं सांगिटलं. उद्या तुमच्या पोरीचं कुणी सांगिटलं न्हाय तर?”

मामा खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच काळजी होती. आमच्या भागात माणूस दिसला की आधी ‘कुणाचा’ विचारायचं आणि मग घरी निरोप पोचवायचा, याला माणुसकी म्हणतात. त्या माणुसकीनं एक पोरगी मरायला टेकली होती.

मग मी रुग्णालयाच्या प्रमुखांकडे गेले.

“त्यात काय? बापाला सांगून टाका आजार कसला आहे ते. विषय संपेल.”

“तिला न विचारता, सर? मग मामांच्यात आणि माझ्यात फरक काय?”

“मग तुमचं तुम्ही बघा. आणि क्लिनिकला मुली येत नाहीत, त्याचं काहीतरी करा. जागृती कमी पडते. एखादी रॅली काढा.”

रॅली! इथं आलेल्या पोरीची गावभर रॅली निघालीच होती की.

मी आशाताईला घेऊन स्नेहलच्या घरी गेले. बाप उंबऱ्यातच आडवा आला.

“आधी काय झालंय ते सांगा, मग आत या.”

“मी सांगणार नाही. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल.”

शेवटी तिच्या आईनंच मला हाताला धरून आत नेलं. स्नेहल भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरेफटक. आईला थोडं बाहेर थांबवून मी तिला विचारलं, “घरी सांगू का?”

“आईला सांगा.”

मी सांगितलं. आई ऐकता ऐकता खालीच बसली. “मलाबी असंच व्हायचं. अंगावर काढलं समदं. कुणाला सांगायचं?” मग स्नेहलकडं बघितलं. तिनं मान डोलावली. तशी पदर खोचून बाई बाहेर गेली.

“पोरीच्या अंगात रगात न्हाय, आन् तुमी गोळ्या गटारात घातल्या? गाडी काढा आधी!”

त्याच दिवशी कोल्हापुरात तिला रक्त चढवलं. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. बघायला येणारे पाहुणे आलेच नाहीत, कारण अफवा त्यांच्यापर्यंतही पोचली होती. अफवेनं केलेलं तेवढं एकच चांगलं काम.

मी मात्र प्रमुखांची पाठ सोडली नाही. क्लिनिक मंगळवारचं शनिवारी नेलं, कॉलेज सुटल्यावर. खोली मागच्या बाजूला, दातांच्या डॉक्टरांशेजारी. खिडकीत फक्त नाव आणि वय विचारायचं. यासाठी मला महिनोन्‌महिने भांडावं लागलं. रॅलीला परवानगी एका फोनवर मिळाली असती.

बारावीची परीक्षा देऊन स्नेहल एका शनिवारी आली. सोबत मान खाली घातलेली एक मुलगी. मामांची जुनी सवय कुठं जाते?

“कुणाची गं ही?”

“माझी हाय,” स्नेहल म्हणाली. “पेपर काढा.”

मामांनी मुकाट्यानं पेपर काढला. मुली का येत नाहीत, असा प्रश्न ज्या साहेबांना पडतो, त्यांनी रॅली काढण्याआधी एक दिवस त्या खिडकीसमोर रांगेत उभं राहावं.