आत्याने हाकललेलं जनावर

माझे वडील कामशेतच्या मालधक्क्यावर कारकून होते आणि आम्ही लोणावळ्यात राहायचो. वडिलांची थोरली बहीण सोलापूरहून पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली, तेव्हा मी मराठी चौथीत असेन. आत्याने सगळी चिक्की चाखून पाहिली. दिसेल त्या डोंगराकडे बोट करून ‘याचा उपयोग काय?’ असंही विचारून झालं. मग ती वडिलांना म्हणाली, “जंगल आहे जंगल आहे म्हणतोस, तर एखादं जनावर तरी दाखव. सर्कशीतलं नको. सुटं पाहिजे.”

वडिलांनी हे फारच मनावर घेतलं. वानरं सोडली तर मुंगसापेक्षा मोठं सुटं जनावर त्यांनी स्वतःही पाहिलेलं नव्हतं, पण त्यांनी वाचलेलं पुष्कळ होतं. वाचल्याप्रमाणे त्यांनी नियम केले. जंगलात बोलायचं नाही. भडक कपडे नाहीत. आईच्या बांगड्या वाजू नयेत म्हणून त्यांवर रुमाल बांधायचा. धाकट्या भावाला बाराही महिने सर्दी असायची. त्याने नाक ओढायचं नाही, असंही ठरलं. आई म्हणाली, “मग याने श्वास कुठून घ्यायचा?” याला पुस्तकात उत्तर नव्हतं.

फाल्गुन होता. सकाळच्या लोकलने आम्ही कामशेतला उतरलो. वडिवळ्याचे एक म्हातारे शेतकरी तांदळाची पोती घेऊन धक्क्यावर यायचे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. त्यांच्या रिकाम्या बैलगाडीतून गावाच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी गेलो. तिथून वर सगळं राखीव जंगल.

“जनावर दिसेल ना आबा?” वडिलांनी विचारलं.

“दिसंल की. जनावरांचंच रान हाय,” आबा म्हणाले. “म्या उन्हं कलताना येतो गाडी घेऊन. वर पान्यापाशी जावा, आन् तवर हितं खाली या.”

पाणी म्हणजे उंबराखालचा एक झरा. तिथपर्यंत चढेस्तोवर आत्याचे गुडघे संपले. ती म्हणाली, “तुम्ही जा. काही दिसलं तर हाक मारा.”

“अक्का, हाक मारायची नसते,” वडील म्हणाले.

“मग मला कळायचं कसं?”

शेवटी दशम्यांची टोपली आणि आत्या उंबराखाली ठेवून आम्ही वर निघालो.

पुढे वडील, मागे आम्ही. वडील थांबले की थांबायचं, वाकले की वाकायचं. एकदा ते वाकले म्हणून आम्ही तिघंही वाकलो आणि बराच वेळ तसेच राहिलो. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता. एके ठिकाणी करवंदीच्या जाळीत मोठी सळसळ झाली. वडिलांनी आम्हाला हाताने मागे सारलं. जाळीतून गळ्यात घंटा बांधलेली म्हैस निघाली. तिने आमच्याकडे बघितलं आणि नापसंतीने तोंड फिरवलं. त्यानंतर वानरं दिसली, पण ती लोणावळा स्टेशनच्या पत्र्यावरही दिसायची, म्हणून वडिलांनी हिशेबात धरली नाहीत. ऊन चढलं. भावाने नाक ओढलं आणि कुणी त्याला रागावलं नाही, तेव्हा मला कळलं की आता परत जायचं.

आत्या झऱ्यापाशी टोपलीला टेकून शेंगा सोलत होती.

“दिसलं काही?”

“नाही,” वडील म्हणाले.

“मलाही नाही. एक मांजर आलं होतं तेवढं.”

“इथे कुठलं मांजर? केवढं होतं?”

आत्याने इकडेतिकडे बघितलं आणि भावाकडे बोट केलं. “याच्याएवढं. पण आडवं.”

वडील भावाकडे बघायला लागले.

“अंगभर ठिपके होते,” आत्या शेंग फोडत म्हणाली. “तिथे बसून पाणी प्यायलं. मला वाटलं, आता टोपलीत तोंड घालतंय. मी म्हटलं, हाड! तर माझ्याकडे बघत बसलं. मग टोपलीचं झाकण आपटलं, तेव्हा गेलं. पण सावकाश गेलं हो. भ्यायलं म्हणून नव्हे.”

वडील झऱ्याच्या काठाशी गेले. चिखलात पाऊल उमटलं होतं, माझ्या तळहाताहून मोठं, आणि त्यात अजून पाणी भरत होतं. ते तिथेच उकिडवे बसले. “इथेच शांत बसू,” ते कुजबुजले. “पुन्हा येईल.”

आईने बांगड्यांवरचा रुमाल सोडला. “जनावर बघायला आलो होतो ना? वन्संनी बघितलं. उठा.” आणि भावाचा हात धरून ती उतरायला लागलीसुद्धा.

आबा पायथ्याशी आले तोवर आम्ही दशम्यांना हात लावला नव्हता. वडिलांनी सगळं सांगितलं. आबांनी आत्याकडे जरा निरखून पाहिलं.

“बिबट्या हाय त्यो. माझी कालवड त्यानंच नेली. लय गुणाची व्हती.”

“अगं बाई,” आत्या म्हणाली. “आधी नाही का सांगायचं? मी नुसतं हाड म्हणून सोडून दिलं त्याला.”

बैलगाडीत ती मजेत होती. कामशेतच्या फलाटावर तिने वडिलांना ऐकवलं की सोलापूरकडची मांजरंही काही लहान नसतात. लोकल मळवलीला आली तेव्हा मात्र तिने शेजारी बसलेल्या आईचा हात घट्ट धरला. त्या दोघींचं एरवी मीठ-मिरचीपलीकडे बोलणं नसायचं. आईने हात सोडवून घेतला नाही. पदराने आत्याचा घाम टिपला आणि म्हणाली, “झालं ते झालं, वन्सं. गेलं ना ते?”

“माझ्याकडे बघत होतं गं,” आत्या म्हणाली. “चांगलं बराच वेळ बघत होतं.”

वडील खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, ते आत्याच्या काळजीत असतील. पण थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, “अक्का, शेपूट कसं होतं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आत्याने आम्हाला सगळ्यांना समोर बसवलं. ही गोष्ट सोलापूरला कळवायची नाही, असं तिने निक्षून सांगितलं. तिच्या मुलांना कळलं तर ते तिला पुन्हा एकटीला कुठेही पाठवणार नाहीत, आणि पुढल्या वर्षी तिला यायचं होतं.