उन्हात पडायला सोलापूरहून मेक्सिकोला

मे महिना लागला की सोलापूरची माणसं महाबळेश्वर गाठतात. आम्ही मेक्सिको गाठलं, तेही समुद्रकाठी उन्हात पडायला. म्हणजे जे सोलापुरात फुकट मिळतं, नको म्हटलं तरी मिळतं, त्यासाठी आम्ही मुंबईहून इस्तंबूल, तिथून मेक्सिको सिटी आणि मग कानकून असे उडत गेलो. तिथून बसनं तासाभरावर प्लाया देल कार्मेन नावाचं गाव आहे. गावाला दोनच धंदे : समुद्र दाखवणं आणि टोप्या विकणं.

खरं कारण आमची लेक, स्नेहल. ती अमेरिकेत नोकरी करते आणि चार वर्षांत घरी आलेली नाही. तिच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलीय. भारतात आली तर नवा मिळेपर्यंत तिकडं परत जाता येत नाही, आणि तोवर नोकरी थांबायची नाही. आम्हाला अमेरिकेनं दोनदा नको म्हटलं. मेक्सिकोला मात्र संपलेल्या व्हिसावरही तिला थोड्या दिवसांसाठी जाऊन परतता येतं. म्हणून मग, कुठंच नाही तर तिथं.

आमचे हे प्लॉटच्या धंद्यात आहेत. मूळ मोहोळकडचे, सगळा जन्म शहरात गेला तरी जीभ अजून गावातच राहते. ह्यांचा एकच हेका, स्नेहल परत येणार. कुणी विचारलं की उत्तर तयार, "ह्या दिवाळीला." चार दिवाळ्या झाल्या. या वेळी तिला समोर बसवून पक्कं विचारायचं, असं विमानात तीनदा म्हणाले.

तर वाचकहो, जाणार असाल तर हे करा. पहाटे समुद्रावर जा. फोटोत पाण्याला जो निळा रंग असतो तो आम्हाला दिसला नाही, कारण काठावर तपकिरी शेवाळाचे ढीग पडले होते आणि ट्रॅक्टर ते भरत होते. उन्हाळ्यात असंच असतं म्हणे. हे कुणी आधी सांगत नाही. वासाचं तर बोलूच नका. त्या ढिगाशेजारी गोरी माणसं अंगाला तेल लावून पालथी पडलेली. हे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कुरडया वाळत घातल्यागत दिसत्यात."

खाण्याचे हाल होत नाहीत. मक्याची भाकरी मिळते, फक्त ती आजारातून उठल्यासारखी बारीक असते. चिंच आहे, मिरची आहे, आणि अंबाडीच्या बोंडांसारखं लाल सरबत आहे, ते जरूर प्या. भाजी म्हणून निवडुंग वाढतात. आमच्याकडं शेळ्या आत येऊ नयेत म्हणून तो बांधावर लावतात. ह्यांनी ताटात बघितला आणि वेटरला मराठीत विचारलं, "शेळ्या खात न्हाईत ते आमी खायाचं व्हय?" खाल्ला मात्र सगळा.

तुलुम गावचे समुद्रकाठचे जुने अवशेष बघायला जाताना टॅक्सी करू नका. नाक्यावर कोलेक्टिवो नावाची व्हॅन उभी असते. ती भरल्याशिवाय हलत नाही, वाटेत हात केला की थांबते, आणि ड्रायव्हर गाणी स्वतःच्या आवडीची लावतो. आपलं वडापच, फक्त यात एसी आहे.

आणि सेनोते बघाच. जमिनीला पडलेलं मोठं भगदाड, तळाशी गार, स्वच्छ पाणी. थोडक्यात, विहीर. तिकीट काढा, आधी अंघोळ करा, तरंगायचं केशरी जाकीट घाला, मग शिडीनं हळूच उतरा. ह्यांचं बालपण मोहोळच्या विहिरींत गुडघे छातीशी घेऊन मुटके मारण्यात गेलेलं. त्यांनी जाकिटासकट असा मुटका मारला की रखवालदार शिट्टी वाजवत धावत आला. स्नेहल काठावर पोट धरून हसत होती. तिचं ते हसू फोनवर कधी ऐकू आलं नव्हतं. पण पक्कं विचारायचं काही ह्यांना जमेना. "आज हसतीया, उद्या इचारू," असं करत चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी बाजारपेठेत एका फुलाफुलांच्या शर्टवाल्यानं आम्हाला अडवलं. नाश्ता फुकट, कासवं दाखवायची बोटसफर फुकट, फक्त आमचं हॉटेल बघा आणि थोडं ऐका. स्नेहल नको म्हणत होती. पण ह्यांचे डोळे चमकले. हे स्वतः दर रविवारी गिऱ्हाइकांना गाडीत घालून, पुरीभाजी चारून प्लॉट दाखवतात. फुकट ते पौष्टिक, वर धंद्यातलं कुतूहल. "बगू तर, ह्यो कसा गुंडाळतोय."

समुद्राकडं तोंड केलेल्या एसी हॉलात आम्हाला टेबलाशी बसवलं. हप्ते भरा, आणि दरवर्षी एक आठवडा हॉटेलातली एक खोली तुमची, अशी ती योजना. हे माझ्या कानात धावतं समालोचन करत होते. "आता सायबाला बोलवंल." साहेब आला. "आता म्हनंल, भाव आजच्यापुरता." म्हणाला. पलीकडच्या टेबलावरच्या जोडप्यानं घेतलं म्हणून टाळ्या वाजल्या. "त्यांचीच मानसं हायत ती." मी सांगते, सगळ्या सहलीत हे इतके खूश दुसरीकडं कुठंच नव्हते.

मग त्या साहेबानं आम्हाला सोडलं आणि तो स्नेहलशी बोलू लागला. हळू, गोड. तिनं आम्हाला मराठीत सांगणं बंद केलं. थोड्या वेळानं तिनं पेन उचललं.

"पप्पा, मी घेते. हप्ते माझे मी भरते. तीस वर्षं, दरवर्षी आठवडाभर आपण तिघं इथं."

ह्यांचं समालोचन थांबलं. "तीस वर्स?"

"हो."

"म्हंजी तू तीस वर्स तिकडंच?"

"मी येणार नाही असं कुठं म्हटलं? मला फक्त तुम्हाला दरवर्षी बघायचंय."

"मग घरी येऊन बग की!"

"आणि सोलापुरात राहून काय करू, पप्पा? माझं काम तिकडं आहे. माणसं तिकडं आहेत. मला तिकडंच बरं वाटतं." तिनं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "हे तुम्हाला फोनवर सांगायला मला कधीच जमलं नाही."

साहेबाला मराठी कुठून कळणार? त्याला वाटलं, भाव जास्त झाला. त्यानं कागदावरचा आकडा खोडून कमी लिहिला. हे म्हणाले, "तुझ्या आईला काय वाटंल?" आकडा आणखी उतरला. मला हुंदका आला, तसा त्यानं वर दरवर्षीचा नाश्तासुद्धा फुकट करून टाकला. मी सोलापूरच्या मंगळवार बाजारात जन्मभर घासाघीस केली, पण रडून इतका भाव पाडता येतो हे मला माहीत नव्हतं.

शेवटी ह्यांनीच तिच्या हातातलं पेन काढून खाली ठेवलं. "कागूद नगं. बोललीस ते ऐकलं मी."

बोटसफर मिळाली, कारण ठरलेली होती. कासवं दोन दिसली. लाटांनी मला मळमळत होतं, त्यामुळं कासवांबद्दल जास्त विचारू नका. समोर बापलेक शेजारीशेजारी बसले होते.

"रागावलात?" तिनं विचारलं.

"राग न्हाय गं. वाईट वाटतंय. वाटू दी जरा."

तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं, आणि बोट किनाऱ्याला लागेपर्यंत हे हलले नाहीत.

घरी आलो. सोलापूरचं ऊन होतं तसंच होतं, शेवाळाविना. बॅगा उघडतोय तोवर ह्यांचे थोरले भाऊ मोहोळहून हजर. त्यांच्यासाठी तिकडून आणलेली टोपी घातली, आरशात बघितली, आणि मग मुद्द्यावर आले. "पोरगी कवा येनार? बार्शीचं एक स्थळ हाय, लई झकास."

मी ओट्यापाशी चहा गाळत होते. "ह्या दिवाळीला" हे ऐकायची माझ्या कानांना सवयच झालेली.

"न्हाय येनार, दादा," हे म्हणाले. "ती तिकडंच ऱ्हानार हाय. आमी जात जाऊ तिला भेटाय. पुढच्या साली परत तितंच."

दादा चक्रावले. "परत मेक्सिकोला? एवढं काय हाय तितं?"

"पोरगी येती की तितं."